आत परवाना, बाहेर अतिक्रमण

मद्य आणि अन्न यांची संगत फार जुनी आहे. पण या दोहोंचा संसार एकाच छपराखाली असला पाहिजे, असा काही नियम नाही. अमेरिकेतील अनेक शहरांत गेल्या दीड-दोन दशकांत जी एक व्यवस्था रुळली आहे, ती या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. वस्तीतला एखादा छोटा कॉकटेल बार असतो. त्याला स्वतःचे स्वयंपाकघर नसते. त्याच्या दारासमोर किंवा मागच्या मोकळ्या जागेत एक मोटारगाडी उभी असते आणि त्या गाडीतच चूल, तवा, शीतपेटी आणि दोन-तीन माणसे सामावलेली असतात. पेय आतून घ्यावे, खाणे बाहेरून मागवावे आणि दोन्हींचा समाचार एकाच मेजावर घ्यावा. मालक दोन, गल्ले दोन, गिऱ्हाईक मात्र एक. परमिट रूममधून बाहेर पडून कोपऱ्यावरच्या भुर्जीपावच्या गाडीशी थांबणाऱ्या मुंबईकराला यात नवल वाटण्याचे कारण नाही. फरक आहे तो कायद्याच्या नजरेत, आणि विचार करावयाचा तो त्याचाच.

गिऱ्हाईकाचा हिशेब

या व्यवस्थेत गिऱ्हाईकाचा लाभ कोणता? उपाहारगृहाचे स्वयंपाकघर चालविणे हा खर्चाचा मामला आहे. धुराडे, सांडपाण्यातील तेलतूप अडविण्याची सोय, अग्निशमनाची साधने, आचारी आणि रोज नासणारा माल, हा सारा बोजा अखेर बिलावर येऊन पडतो. लहान बारला तो टाळता आला तर पेयाकडे त्याला अधिक लक्ष देता येते. गाडीवाल्यालाही दुकानाचे भाडे न भरता बसते गिऱ्हाईक मिळते. शिवाय बारच्या मुदपाकखान्यात जे पदार्थ कधीच शिजले नसते, ते या निमित्ताने मेजावर येतात. आज मेक्सिकन टाको, उद्या दुसऱ्या गाडीवरचे आणखी काही, असे वैविध्य एका छोट्या बारला एरवी परवडणारे नव्हे.

गैरसोयीही आहेत, आणि त्या तेथील गिऱ्हाइके मोकळेपणाने बोलून दाखवितात. रांगा दोन लावाव्या लागतात, बिले दोन होतात, बक्षिसीही दोनदा द्यावी लागते. पावसाच्या दिवशी गाडी आलीच नाही तर पेल्यासमोर उपाशी बसावे लागते. पदार्थ कच्चा निघाला तर बारवाला बाहेर बोट दाखवितो आणि गाडीवाला आपली मर्यादित जागा पुढे करतो. जबाबदारी कोणाची, हा प्रश्न वरवर क्षुल्लक दिसला तरी खरा कळीचा प्रश्न तोच आहे. तेथील काही शहरांनी त्याचे उत्तर गाडीलाच स्वतंत्र ओळख देऊन शोधले. लॉस एंजलिस परगण्याने २०१० साली उपाहारगृहांप्रमाणे फिरत्या गाड्यांनाही स्वच्छतेच्या 'ए', 'बी', 'सी' अशा श्रेणी लावण्याचे ठरविले. श्रेणीचे अक्षर गाडीवर दिसले की काय खावे आणि कोठे खाऊ नये, हे गिऱ्हाईक स्वतः ठरवू शकते.

आणखी एक लाभ आहे, आणि त्याचा उल्लेख सहसा होत नाही. रिकाम्या पोटी घेतलेले मद्य जठरातून लहान आतड्यात लवकर उतरते आणि तेथून झपाट्याने रक्तात मिसळते. पोटात अन्न असले म्हणजे हा वेग मंदावतो. म्हणून मद्याबरोबर खाणे ही केवळ जिभेची चैन नव्हे. पण खाण्याखाण्यातही भेद आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील गुत्त्यांतून पेल्याबरोबर फुकट जेवण मिळत असे. त्यात खारविलेले मांस आणि चीज यांचा भरणा असे, कारण मीठ तहान वाढविते. आपल्याकडील खारे शेंगदाणे, चणे आणि शेव यांचा चखणा याच जातीचा. आतले खाणे पिणे लांबविण्यासाठी असते. बाहेरच्या गाडीवाल्याला मात्र पेल्यांच्या संख्येशी कर्तव्य नसते. त्याला पोट भरणारा पदार्थ विकावयाचा असतो. गिऱ्हाईकाच्या प्रकृतीचे हित पाहिले तर दोघांमध्ये अधिक भरवशाचा कोण, हे सांगावयास नको.

वैराकडून सहवासाकडे

ही गाडी मद्यगृहाची मैत्रीण म्हणून जन्मली नव्हती. रोड आयलंडमधील प्रॉव्हिडन्स शहरात १८७२ साली वॉल्टर स्कॉट नावाच्या गृहस्थाने एका वृत्तपत्राच्या कचेरीबाहेर घोडागाडी उभी करून रात्रपाळीच्या कामगारांना सँडविच, उकडलेली अंडी आणि कॉफी विकण्यास प्रारंभ केला. पुढे न्यूयॉर्कच्या चर्च टेम्परन्स सोसायटीने १८९३ साली अशीच गाडी रस्त्यावर आणली, ती कामगारांनी रात्रीच्या भुकेपोटी गुत्त्यात शिरू नये म्हणून. ज्या गाडीने गिऱ्हाईक गुत्त्यापासून दूर न्यावयाचे, तिनेच पुढे त्याच्या दाराशी बस्तान बसविले. लॉस एंजलिसच्या पूर्व भागात १९७४ साली राउल मार्टिनेझ यांनी आइस्क्रीमची जुनी गाडी टाकोसाठी बदलून घेतली आणि एका बारबाहेर उभी केली. त्यातूनच 'किंग टाको' ही उपाहारगृहांची मालिका उभी राहिली. २००८ साली त्याच शहरात रॉय चोई यांच्या 'कोगी' गाडीने कोरियन मांस आणि मेक्सिकन टाको यांचा मेळ घातला. रात्रीच्या गर्दीचे अड्डे हीच तिची बाजारपेठ होती.

हे सारे निर्वेधपणे घडले, असे मात्र नाही. २००८ सालीच लॉस एंजलिस परगण्याने एका जागी तासाहून अधिक काळ उभ्या राहणाऱ्या गाडीला एक हजार डॉलर दंड किंवा कैद, अशी कठोर तरतूद केली. दुकानदार उपाहारगृहांची तक्रार तिच्यामागे होती. गिऱ्हाइकांनी गाडीवाल्यांच्या बाजूने मोहीम उघडली आणि काही महिन्यांतच न्यायालयाने ती तरतूद रद्द ठरविली.

मद्याबरोबर अन्नाची सक्ती करण्याचा प्रयत्नही तेथे झाला आणि त्याचे हसे झाले. १८९६ च्या न्यूयॉर्कमधील रेन्स कायद्याने रविवारी मद्य देण्याची मुभा फक्त दहा खोल्या असलेल्या व जेवण देणाऱ्या हॉटेलांना ठेवली. गुत्तेवाल्यांनी खोल्या पाडल्या, आणि एकच शिळे सँडविच दिवसभर या मेजावरून त्या मेजावर फिरू लागले! २०२० च्या महासाथीत त्याच राज्याने मद्यासोबत खाणे बंधनकारक केले, तेव्हा एक डॉलरची चिप्सची पुडी पुढे करून काहींनी वेळ मारून नेली. टेक्सासने मात्र निराळी वाट चोखाळली. निम्म्याहून अधिक उत्पन्न मद्यापासून मिळविणारे बार त्या राज्याने जूनअखेरीस बंद केले होते. ऑगस्टमध्ये नियम बदलून आवारातील फूड ट्रकचे खाणेही बारच्या हिशेबात धरण्यास परवानगी देण्यात आली. अन्न खरेच शिजत होते, खाल्ले जात होते आणि त्याच्या विक्रीची नोंद होऊ शकत होती. जे प्रत्यक्षात चालू आहे ते कायद्याने मान्य केले, एवढाच याचा अर्थ.

आपल्या रस्त्यांवर

आपल्याकडील चित्र याच्या नेमके उलट आहे. मुंबई दारूबंदी कायदा १९४९ चा. बंदी पुढे सैल झाली, पण मद्यपानासाठी वैयक्तिक परवाना लागतो हे तत्त्व कागदावर राहिले, आणि 'परमिट रूम' हे नाव त्याच कागदाची खूण आहे. आतल्या प्रत्येक बाटलीचा हिशेब अबकारी खाते ठेवते, कारण त्यातून सरकारच्या तिजोरीत भर पडते. दारापासून वीस पावलांवर अंडी फोडणारा, पाव भाजणारा इसम मात्र अतिक्रमण ठरतो. त्याचा तवा आज आहे तर उद्या पालिकेच्या गाडीत. जो उद्याची खात्री देऊ शकत नाही तो स्वच्छ पाण्याची टाकी, झाकलेली मांडणी, कचऱ्याची सोय यांवर पैसा कशाला खर्च करील? अस्वच्छता हे त्याला हटविण्याचे कारण म्हणून सांगितले जाते. वस्तुतः त्या अस्वच्छतेला हटविण्याची टांगती तलवारही तितकीच कारणीभूत आहे.

कायदा नाही म्हणून हे घडते, असेही नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली मुंबईच्या फेरीवाल्यांसाठी विभाग आखण्याची दिशा दाखविली आणि १९८९ च्या सोदान सिंग खटल्यात रस्त्यावरील विक्री हा वाजवी निर्बंधांच्या अधीन असलेला व्यवसायाचा मूलभूत अधिकार आहे, असे सांगितले. संसदेने २०१४ साली पथविक्रेत्यांच्या उपजीविकेच्या संरक्षणाचा कायदा केला. सर्वेक्षण पूर्ण होऊन विक्री प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कोणासही हटवू नये, पथविक्रेता समितीत किमान चाळीस टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे असावेत आणि त्यांत एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात, अशा त्याच्या तरतुदी आहेत. मुंबईत या समित्यांच्या निवडणुकांसाठी २०२४ साल उजाडावे लागले, यावरून अंमलबजावणीतील आस्था ध्यानात यावी.

यावर आक्षेप येतील. पदपथ चालणाऱ्यांसाठी आहेत, हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच जागा आखून देण्याची आवश्यकता आहे. रात्री उशिरा बारबाहेर गर्दी आणि गोंगाट होतो, ही शेजाऱ्यांची तक्रारही रास्त आहे. पण तिचा उपाय वेळेचे बंधन हा आहे. गाडी हटविल्याने पिणारा घरी लवकर जात नाही, तो केवळ उपाशी जातो. आणि पुष्कळदा त्या उपाशी स्थितीतच वाहन चालवितो.

म्हणून करावयाचे ते फार अवघड नाही. ज्या परमिट रूमच्या आवारात मोकळी जागा आहे तेथे नोंदणीकृत गाडीस उभे राहू द्यावे. पाणी आणि कचरा यांची जबाबदारी दोघांवर लेखी वाटून द्यावी. अन्नसुरक्षेची नोंदणी आणि तपासणीची तारीख गाडीवर ठळकपणे लिहावी. जेथे आवार नाही तेथे २०१४ च्या कायद्यानुसार जवळची जागा आखावी. मद्याच्या प्रत्येक घोटावर कर घेणाऱ्या सरकारला त्या घोटानंतरच्या घासाची वास्तपुस्त करण्याचे कर्तव्य टाळता येणार नाही.