पेनिसिलिनच्या रेणूतला ताण

कार्बनच्या अणूला आपले चार बंध एकमेकांपासून सुमारे १०९.५ अंशांवर ठेवणे सोयीचे असते. पण कार्बनचे अणू एकमेकांना जोडून वलय तयार झाले, की हा कोन साधेलच असे नाही. तीन अणूंच्या वलयात तो ६० अंशांवर येतो, चार अणूंच्या वलयात ९० अंशांच्या आसपास. वाकवलेल्या छडीप्रमाणे असे वलय संधी मिळताच मोकळे होऊ पाहते. जर्मन रसायनशास्त्रज्ञ आडोल्फ फॉन बायर यांनी १८८५ मध्ये ताणाची ही कल्पना मांडली. सगळी वलये सपाट असतात, हे त्यांचे गृहीतक मात्र चुकीचे होते. सहा कार्बनचे सायक्लोहेक्झेन खुर्चीसारखा आकार घेऊन जवळजवळ ताणमुक्त राहते. लहान वलयांना ही पळवाट फारशी उपलब्ध नाही.

म्हणूनच पेनिसिलिनची रचना वादाचा विषय ठरली. त्यात चौकोनी वलय आहे, हे मानायला रॉबर्ट रॉबिन्सन यांच्यासारखे मातब्बर रसायनशास्त्रज्ञ तयार नव्हते. निसर्गातील पदार्थात नायट्रोजन असलेले असे चौकोनी वलय तोवर ठाऊकच नव्हते, त्यामुळे त्यांची शंका अगदीच अनाठायी म्हणता येणार नाही. अखेर १९४५ मध्ये ऑक्सफर्डच्या डोरोथी हॉजकिन यांनी क्ष-किरणांच्या साह्याने पेनिसिलिनच्या स्फटिकांचा अभ्यास करून या वादावर पडदा टाकला. तीन कार्बन आणि एक नायट्रोजन यांच्या या चौकोनाला बीटा-लॅक्टम म्हणतात.

औषधाचे बळ याच अवघडलेल्या चौकोनात आहे. जिवाणूच्या पेशीभोवती एक मजबूत भिंत असते. तिचे धागे एकमेकांत गुंफणारे एन्झाइम पेनिसिलिनला आपला नेहमीचा कच्चा माल समजून पकडते. त्याच क्षणी ताणलेले वलय उघडते आणि रेणू एन्झाइमला कायमचा चिकटतो. भिंतीचे काम थांबते व अखेर पेशी फुटते. माणसाच्या पेशींना अशी भिंतच नसल्याने त्या सुरक्षित राहतात.

तथापि, सहज उघडणारे वलय शत्रूच्याही सोयीचे असते. बीटा-लॅक्टमेज हे जिवाणूंचे एन्झाइम पाण्याच्या साह्याने ते आधीच तोडून टाकते. अशा एन्झाइमची नोंद १९४० मध्ये, म्हणजे पेनिसिलिनचा सर्रास वापर सुरू होण्यापूर्वीच झाली होती. त्यावर तोड म्हणून ॲमॉक्सिसिलिनच्या जोडीला क्लॅव्हुलॅनिक आम्ल दिले जाते. त्यातही बीटा-लॅक्टम वलय असते. ते स्वतः तुटून एन्झाइमला अडकवून ठेवते आणि मूळ औषध वाचवते. जस्ताच्या आधाराने काम करणारी बीटा-लॅक्टमेजेस मात्र या आमिषाला भुलत नाहीत. कार्बापेनेमसारखी, गंभीर आजारांसाठी राखून ठेवलेली औषधेही ती निकामी करतात.