गाल बसले तर आधी कारण शोधा

चाळिशी-पन्नाशी आली की चेहरा बदलतो. गाल आत जातात, डोळ्यांखाली खळगे पडतात, कानशिले बसतात, नाकापासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंतची रेघ खोल होते. मग वस्तीत चौकशी सुरू होते, "काय ताई, आजारी होतात का? फार उतरलात!" विचारणाऱ्याला काळजी असते, पण ऐकणाऱ्याच्या मनाला ते लागते. चाकणच्या कारखान्यात रात्रपाळी करणारा भाऊ असो की पिंपरीत चार घरची धुणीभांडी करणारी भगिनी, ही रुखरुख सगळ्यांनाच असते. या रुखरुखीवर आज मोठा बाजार उभा राहिला आहे. आम्ही डॉक्टर नाही; दिवसा कारकुनी आणि संध्याकाळी वस्तीत काम करणारी माणसे आहोत. तरीपण कष्टाचा पैसा कुठे जातो, हे पाहणे आम्ही आमचे काम समजतो.

वयाने काय होते?

त्वचेखाली चरबी असते आणि तिच्याखाली हाड. २००७ साली रॉरिच आणि पेसा या अमेरिकेतील डॉक्टरांनी मृतदेहांच्या अभ्यासावरून दाखवून दिले, की चेहऱ्यावरची चरबी हा सलग थर नसून ती वेगवेगळ्या कप्प्यांत असते. वयानुसार काही कप्पे आटतात, काही खाली सरकतात. जबड्याचे व डोळ्यांभोवतीचे हाडही थोडे झिजते. त्वचेला घट्ट धरणारे कोलॅजन कमी होते. स्त्रियांमध्ये पाळी गेल्यानंतरच्या काही वर्षांत ते झपाट्याने घटते. हा काही रोग नाही. त्याची लाज वाटण्याचे कारण नाही.

पण आपल्याकडे गाल वयाच्या आधीच बसतात, त्याची कारणे वेगळी आहेत. तंबाखू, मिश्री, विडी आणि उन्हातले काम त्वचेला लवकर म्हातारी करते. मिश्री-तंबाखूने हिरड्या खराब होऊन दात पडतात. दाढ काढल्यानंतर पहिल्या वर्षातच तिथल्या हाडाची रुंदी जवळजवळ निम्मी होते आणि गालाचा आतला आधार जातो. अशा माणसाला सुईची नव्हे, कवळीची गरज असते. नीट बसवलेल्या कवळीने ओठ आणि गाल भरून दिसतात आणि भाकरीही चावता येते. पिंपरीत संत तुकारामनगरला दंत महाविद्यालय आहे. अशा ठिकाणी खाजगी दवाखान्यापेक्षा कमी खर्चात काम होते, तेव्हा तिथे आधी चौकशी करावी.

काही महिन्यांतच गाल आत गेले आणि वजनही उतरले, तर मात्र वय म्हणून सोडून देऊ नये. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम असेल तर थुंकीची तपासणी करावी. क्षयरोगाची तपासणी आणि औषधे सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. उपचार चालू असताना पोषणासाठी मिळणारे अनुदान नोव्हेंबर २०२४ पासून महिना ५०० वरून १००० रुपये झाले आहे. फार तहान, वारंवार लघवी असेल तर साखर तपासावी. थायरॉइडनेही माणूस वाळतो.

औषधाने बसलेले गाल

बसलेल्या गालांनी माणसाचे किती नुकसान होते, याचे एक उदाहरण आपल्याच भागाशी निगडित आहे. भोसरीच्या एमआयडीसीत १९९२ साली राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था सुरू झाली. आता तिचे नाव बदलले आहे. १ एप्रिल २००४ पासून सरकारने एचआयव्हीची औषधे मोफत देण्यास सुरुवात केली आणि असंख्य जीव वाचले. त्या गोळ्यांत स्टॅव्ह्युडीन नावाचे स्वस्त औषध होते. ते विषाणूला रोखत असे, पण चरबीच्या पेशींतील ऊर्जा तयार करणारी यंत्रणा बिघडवत असे. बऱ्याच रुग्णांचे गाल, हातपाय बारीक होत गेले. पुण्याचे डॉ. संजय पुजारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली पश्चिम भारतातील रुग्णांमधील या बिघाडाचा अभ्यास प्रसिद्ध केला.

विचार करा, औषधाने माणूस बरा राहिला, कामावर जाऊ लागला. पण त्याचा चेहराच शेजाऱ्यापाजाऱ्यांत चुगली करू लागला. घर खाली करायला सांगणे, पंगतीत वेगळे बसवणे, सोयरीक मोडणे, हे सगळे केवळ तोंड पाहून. माणसाला वेगळे बसवण्याचा अर्थ आपल्या समाजाला कोणी शिकवायला नको. आपणच तसे वागलो तर काय म्हणावे?

२००९ साली जागतिक आरोग्य संघटनेने हे औषध टप्प्याटप्प्याने बंद करायला सांगितले. आपल्याकडेही ते गेले आणि नव्या गोळ्यांनी गाल असे बसत नाहीत. पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयात यासाठीचे उपचार केंद्र आहे. १०९७ या क्रमांकावर मोफत माहिती मिळते. २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. नोकरी, घर, शाळा, दवाखाना यांत भेदभाव करण्यास त्याने मनाई केली आहे.

सुईचे उपाय

गाल भरण्याच्या सुईला फिलर म्हणतात. पॉलिलॅक्टिक आम्लाचे फिलर अमेरिकेत २००४ साली मंजूर झाले, तेही आधी एचआयव्हीच्या रुग्णांच्या बसलेल्या गालांसाठी. सौंदर्यासाठी त्याला मान्यता २००९ मध्ये मिळाली. ते हळूहळू शरीराकडून नवे कोलॅजन तयार करून घेते. त्याला काही महिने आणि अनेक बैठका लागतात.

दुसरे आणि जास्त वापरले जाणारे फिलर हायल्युरोनिक आम्लाचे. हा पदार्थ आपल्या शरीरात असतोच. १९३४ साली कार्ल मायर यांनी तो गायीच्या डोळ्यातून प्रथम वेगळा केला. तो पाणी धरून ठेवतो, म्हणून जागा भरते. त्याचा परिणाम साधारण सहा महिने ते दीड वर्ष टिकतो, मग पुन्हा खर्च. एका सुईत बहुधा एक मिलिलिटर, म्हणजे चमच्याचा पाचवा भाग औषध असते, आणि त्याला हजारो रुपये पडतात. याचा एक फायदा असा, की बिघडले तर हायल्युरोनिडेज देऊन ते विरघळवता येते. बोटॉक्स हे फिलर नव्हे; ते स्नायू सैल करते, खळगा भरत नाही.

धोकेही जाणून घ्या. सूज आणि काळेनिळे डाग काही दिवसांत जातात. पण औषध रक्तवाहिनीत गेले तर त्वचा मरते, क्वचित डोळाही कायमचा जातो. टोचल्यावर जोराची कळ आली, त्वचा पांढरी पडली किंवा नजर अंधुक झाली, तर तासभरही थांबू नये. म्हणून हे काम ब्युटी पार्लरमध्ये कधीही करू नये. ते नोंदणीकृत त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जनकडेच करावे. सीलबंद डबी आपल्या डोळ्यांसमोर उघडली पाहिजे, त्यावरचे नाव व मुदत पाहावी, पावती घ्यावी. पातळ सिलिकॉन तर टोचूच देऊ नये. सुईशिवाय फिलर भरणाऱ्या पेनाबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२१ मध्ये लोकांना सावध केले आहे. गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या मातांनी हे उपाय टाळावेत.

ज्याला परवडते आणि मनापासून करावेसे वाटते, त्याने जाणत्या डॉक्टरकडून जरूर करावे. त्यात पाप नाही. परंतु बचत गटातून कर्ज काढून किंवा मुलाच्या फीचे पैसे मोडून सहा महिन्यांचे गाल विकत घेऊ नयेत, एवढेच आमचे सांगणे. आधी तंबाखू-मिश्री सुटू द्या, दात बसवा, डाळ, अंडी, शेंगदाणे पोटात जाऊ द्या, उन्हात डोक्याला पदर किंवा टोपी ठेवा, साखर आणि थुंकी तपासून घ्या. आणि उद्या कोणाचे गाल बसलेले दिसले, तर "फार उतरलात" म्हणण्याऐवजी "जेवलात का?" असे विचारा आणि गरज पडली तर दवाखान्यात सोबत जा.