एका खुर्चीला चार माणसं

पोलीस ठाण्यात शिरलं की समोर ठाणे अंमलदाराचं टेबल दिसतं. त्यामागची खुर्ची दिवाळीच्या पहाटे रिकामी राहून चालत नाही, तशीच ती रात्री तीन वाजता किंवा रस्ते पाण्याखाली गेलेल्या दिवशीही रिकामी राहून चालत नाही. आठवड्याचे तास 168. आठ तासांची पाळी आणि एक साप्ताहिक सुट्टी धरली, तर एका माणसाच्या वाट्याला 48 तास येतात. 168 ला 48 ने भागलं की उत्तर येतं साडेतीन. त्यात रजा, आजारपण, प्रशिक्षण आणि कोर्टाच्या तारखा मिळवल्या की आकडा चारच्या वर जातो. एक खुर्ची चोवीस तास भरलेली ठेवायची तर निदान चार माणसं हवीत.

आता हेच गणित राज्याला लावून पाहा. महाराष्ट्राची लोकसंख्या साडेबारा कोटींच्या पुढे गेली आहे आणि पोलीस दल ढोबळमानाने दोन लाखांचं आहे. म्हणजे सुमारे सव्वासहाशे लोकांमागे एक पोलीस. पण चारांतला एकच एका वेळी कामावर असणार, म्हणून कोणत्याही क्षणी खरं प्रमाण अडीच हजारांमागे एक असं निघतं. त्यातून राज्य राखीव दलाच्या तुकड्या, नियंत्रण कक्ष, न्यायालयातली ड्युटी, मंत्र्यांचे आणि महत्त्वाच्या व्यक्तींचे अंगरक्षक, कैद्यांची ने-आण, कार्यालयीन काम एकेक करून वजा करा. तुमच्या गल्लीसाठी जो उरतो, त्याच्या वाट्याला एखाद्या मोठ्या गावाएवढी माणसं येतात.

हे गणित आठ तासांच्या पाळीचं होतं. प्रत्यक्षातली पाळी वेगळी आहे. कॉमन कॉज आणि सीएसडीएस या संस्थांनी 2019 साली 21 राज्यांतल्या जवळपास 12 हजार पोलिसांशी बोलून अहवाल काढला. त्यात दिवसाच्या कामाची सरासरी 14 तास निघाली, आणि दोघांतल्या एकाला साप्ताहिक सुट्टी मिळतच नव्हती. असा सुट्टी नसलेला पोलीस वर्षाला 5,110 तास काम करतो. आठ तास आणि आठवड्याची सुट्टी मिळणारा नोकरदार सुमारे अडीच हजार तास करतो, तेही सणावाराच्या सुट्ट्या न वगळता. पंचविसाव्या वर्षी भरती होऊन अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होणारा शिपाई सगळी नोकरी अशीच करत राहिला, तर 33 वर्षांत तो दुसऱ्याच्या 67 वर्षांएवढं काम करून घरी जातो. आणि हे घर मुंबईत अनेकांसाठी बीडीडी चाळीतली 160 चौरस फुटांची खोली होती. रात्रपाळी करून आलेला माणूस त्याच खोलीत झोपायचा आणि तिथेच मुलं अभ्यास करायची.

माणसं मिळत नाहीत, असं मात्र नाही. 2024 च्या पोलीस भरतीत 17,471 जागा होत्या आणि अर्ज आले सुमारे 17 लाख 76 हजार. एका जागेमागे शंभराहून जास्त. मैदानी चाचणीत मुलांना 1600 मीटर पळावं लागतं आणि मुलींना 800. सगळ्या अर्जदारांनी नुसतं मुलींचं अंतर पळायचं ठरवलं असतं, तरी बेरीज 14 लाख किलोमीटरच्या वर गेली असती. पृथ्वीपासून चंद्रापर्यंतच्या अंतराच्या ती साडेतीन पटीहून जास्त भरते. मराठवाड्यात, विदर्भात, सोलापूर-सांगलीकडे पहाटे रस्त्याच्या कडेने पळणारी पोरं-पोरी ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना या आकड्यातला जीव कळेल. वर्दी घालावी असं इतक्या मुलांना वाटतं. ती घातल्यावर आपण त्यांना काय देतो, हा प्रश्न म्हणूनच मला जास्त टोचतो.

कामाचा आकडा पाहू. 2022 साली राज्यात भारतीय दंडविधानाखाली 3 लाख 74 हजारांच्या आसपास गुन्हे नोंदले गेले. दर दीड मिनिटाच्या आत एक. प्रत्येकाला तपासी अंमलदार हवा, पंचनामा हवा, साक्षी-पुरावे हवेत, मुद्देमाल सांभाळायला हवा, मुदतीत दोषारोपपत्र हवं. 1 जुलै 2024 पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले. झडती आणि जप्तीचं चित्रीकरण आलं, सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात घटनास्थळी न्यायवैद्यक तज्ज्ञाने जाणं आलं. या सुधारणा मला मनापासून हव्या आहेत. पण ज्याने हे करायचं, तोच गणपतीत बंदोबस्ताला असतो, आषाढीला पंढरपुरात, 6 डिसेंबरला चैत्यभूमीवर. नोव्हेंबर 2024 च्या विधानसभा निवडणुकीत राज्यभर एक लाखाहून अधिक मतदान केंद्रं एकाच दिवशी उभी राहिली. प्रत्येक केंद्रावर दोन पोलीस ठेवायचे म्हटले, तरी दोन लाखांचं सगळं दल तिथेच संपतं. त्या दिवशी ठाण्यात, नाक्यावर, तुरुंगाच्या गाडीत कोणीच उरत नाही. म्हणून होमगार्ड लागतात, केंद्रीय दलं मागवावी लागतात आणि अडलेला तपास पुढच्या आठवड्यावर जातो.

आता टेबलाच्या दुसऱ्या बाजूला या. माणूस ठाण्यात येतो, तो त्याच्या आयुष्यातल्या वाईट दिवशी. मंगळसूत्र ओढून नेलेलं असतं, मुलगी घरी आलेली नसते, भावाने बांध कोरलेला असतो. त्याची गाठ पडते ती तेराव्या-चौदाव्या तासाला पोचलेल्या माणसाशी. राज्यात अकराशेहून अधिक पोलीस ठाणी आहेत. प्रत्येक ठाण्यात दिवसाला वीसच जण गाऱ्हाणं घेऊन येतात असं धरून चालू. वर्षाला 80 लाख भेटी होतात. दहांतला एक जण हिडीसफिडीस होऊन परतला, किंवा गुन्हा दखलपात्र असूनही नुसती एनसी (अदखलपात्र नोंद) हातात घेऊन परतला, तर ते 8 लाख लोक झाले. प्रत्येकाने घरीदारी दहा जणांना सांगितलं की 80 लाख. कोणत्याही जाहिरातीला, कोणत्याही सप्ताहाला हे पुसून टाकता येणार नाही. कॉमन कॉज आणि सीएसडीएस यांच्याच 2018 च्या पाहणीत पोलिसांवर भरपूर विश्वास आहे असं सांगणारे लोक चौघांत एकही भरत नव्हते. लष्कराबद्दल तसं सांगणारे निम्म्याहून जास्त होते.

थकवा हे उद्धटपणाचं कारण असू शकतं, मारहाणीचं असू शकत नाही. कोठडीत मेलेल्या माणसाच्या आईला कामाच्या तासांचा हिशेब सांगता येत नाही. म्हणूनच 2 डिसेंबर 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने परमवीर सिंग सैनी खटल्यात प्रत्येक ठाण्यात कॅमेरे बसवायला आणि चित्रण दीड वर्ष जपायला सांगितलं. पण इथेही संख्या आडवी येते. अकराशे ठाण्यांत दहा-दहा कॅमेरे धरले, तर एका दिवसात 2 लाख 64 हजार तासांचं चित्रण जमतं. एका माणसाने न झोपता पाहायचं तर त्याला तीस वर्षं लागतील. वरिष्ठ हे पाहतील आणि चूक शोधतील, हे होणारच नाही. ज्याच्यावर अन्याय झाला त्याने तारीख-वेळ सांगून चित्रण मागावं आणि ते त्याला विनासायास मिळावं, एवढ्याने मात्र कॅमेऱ्याचा उपयोग होईल. आज ते मिळवायला वकील लागतो.

मग तोडगा काय? एक देवनारमध्ये करून पाहिला गेला. 2016 च्या मे महिन्यात मुंबईचे तेव्हाचे पोलीस आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी तिथल्या ठाण्यात आठ तासांची पाळी सुरू केली. योजनेचा अभ्यास आणि आराखडा एका शिपायाने केला होता. पुढे ती मुंबईतल्या इतर ठाण्यांत गेली, पण अपुऱ्या माणसांमुळे टिकवणं अवघड गेलं. एका खुर्चीला चार माणसं, हे गणित तिथेही चुकत नाही.

दुसरा त्याहून जुना आहे. भिवंडीत 1970 ला आणि 1984 ला भीषण दंगली झाल्या. 1984 ची आग मुंबई-ठाण्यापर्यंत गेली आणि अडीचशेहून जास्त माणसं मेली. 1988 मध्ये सुरेश खोपडे तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आले. त्यांनी मोहल्ला समित्या बांधल्या. वस्तीतले हिंदू-मुस्लिम एकत्र बसू लागले, सोबत त्या भागाचा पोलीस. नळाची भांडणं, पोरांच्या मारामाऱ्या, मिरवणुकीचा रस्ता असे साधे विषय तिथे निघायचे. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये मुंबईत 900 माणसं मेली, तेव्हा पन्नास किलोमीटरच्या आतली भिवंडी पेटली नाही. त्याच भिवंडीत जुलै 2006 मध्ये पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून वाद चिघळला, गोळीबारात माणसं गेली आणि जमावाने दोन पोलीस शिपायांना ठार मारलं. 1992 मध्ये टिकलेला विश्वास चौदा वर्षांनी पुरला नाही.

असं का होतं, तेही आकड्यातच दिसतं. महाराष्ट्र पोलीस कायद्यानुसार निरीक्षकाचा एका ठाण्यातला सर्वसाधारण कार्यकाळ दोन वर्षांचा, शिपायाचा एका जागी पाच वर्षांचा. लोकसंख्या ठाण्यांवर वाटली तर एका ठाण्याच्या हद्दीत सरासरी एक लाखाहून जास्त माणसं येतात. साहेबांनी रोज दहा नव्या माणसांची ओळख करून घेतली, तरी 730 दिवसांत 7,300 होतात. शंभरातले सहा-सात. ती ओळख डोक्यात घेऊन ते बदलीवर जातात आणि नवे साहेब पहिल्यापासून सुरुवात करतात. बीटवरचा शिपाई मात्र अठराशे दिवस तिथेच असतो. चहावाला, मौलवी, मंडळाचा अध्यक्ष, शाळेची बाई त्याला नावाने ओळखतात. तरीही बैठकीत तो दाराशी उभा असतो आणि बोलतात साहेब. मोहल्ल्याची बैठक बोलावण्याचा अधिकार, बीटची नोंदवही आणि त्यासाठी आठवड्यातले चार तास बंदोबस्तातून मोकळे, एवढं त्याच्या नावावर करायला नवा कायदा लागत नाही. पोलीस महासंचालकांचं एक परिपत्रक पुरेल.