विहिरीत शिकलेले पोहणे आणि समुद्र

मे महिन्याच्या सुटीत आपल्या छत्रपती संभाजीनगरहून अनेक कुटुंबे गणपतीपुळे, तारकर्लीला जातात. दवाखान्यात तरुण मला सांगतात, 'डॉक्टर, विहिरीत पोहतो, भीती कसली?' मीही विहिरीतच शिकलो. परंतु विहिरीचे पाणी ओढत नाही. समुद्रात किनाऱ्यावर आलेले पाणी चिंचोळ्या पट्ट्यातून वेगाने परत जाते. तेथे लाटा कमी दिसतात, म्हणून नवखा नेमका तेथेच उतरतो. ही ओढ खाली बुडवत नाही, आत नेते. किनाऱ्याकडे झगडू नये, दम संपतो. तरंगत राहावे, हात वर करून मदत मागावी (त्यात लाज कसली?). जमल्यास किनाऱ्याला समांतर पोहून पट्ट्याबाहेर पडावे, मगच वळावे. स्थानिक कोळी 'नको' म्हणाले तर उतरू नये. दारू घेतली असल्यास मुळीच नाही.