पाऊस गेल्यावरची मिरची

रंगाला बेडगी, ठसक्याला संकेश्वरी आणि वासाला धणे, बडीशेप, दगडफूल: रत्नागिरीतल्या घरगुती मसाल्याची ही वाटणी बहुतेक घरांत ठरलेली असते. बेडगी येते कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातून. ब्याडगी गावच्या या मिरचीला २०११ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. संकेश्वरी बेळगाव भागातली. एप्रिल उजाडला की रत्नागिरीच्या अंगणांत आगोटीच्या बेगमीची मिरची वाळत पडते. पण त्यातली बरीचशी घाट उतरून आलेली असते. इथे कडक थंडी नाही आणि ऊन तर हवे तेवढे. तरी लाल मिरची विकतची.

दोष उन्हाचा नाही. वीस ते तीस अंश सेल्सिअस तापमानात मिरची सुखाने वाढते आणि रत्नागिरीचा हिवाळा साधारण तसाच असतो. अडचण आहे पावसाची. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस, तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. मुळाशी पाणी साचले की मिरची पिवळी पडते, मर लागते, फळ कुजते. कोकणातल्या आम्लधर्मी, ओलसर जमिनीत जिवाणूजन्य मर हा वांगी, टोमॅटो आणि मिरची या तिघांचाही जुना शत्रू. उभे, हिरवेगार झाड पाने पिवळी न पडताच एक-दोन दिवसांत माना टाकते, आणि त्यावर फवारणीचा फारसा उपयोग होत नाही. म्हणून या जिल्ह्यात मिरचीचा हंगाम भात कापल्यावर सुरू होतो.

गणित सगळे तारखांचे आहे. सप्टेंबरअखेरीस गादीवाफ्यावर बी पेरायचे. हेक्टरी सव्वा किलोपर्यंत बी पुरते. पाच-सहा आठवड्यांनी रोपे खाचरात लावायची. त्यासाठी खाचर वेळेवर मोकळे व्हायला हवे, म्हणजे आधीचे भात हळवे हवे. रत्नागिरी-२४ सारखा वाण घेतला तर ऑक्टोबरात जमीन हाती येते. गरवे भात असले की लावणी लांबते. उशिरा लावलेले झाड ऐन फुलोऱ्यात मार्च-एप्रिलच्या तापात सापडते आणि फुले गाळते. त्याच सुमारास फुलकिडे आणि कोळी वाढतात, पाने आकसून चुरडा-मुरडा होतो. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोकण कीर्ती’ हा वाण दिला आहे आणि दिल्लीहून आलेली ‘पुसा ज्वाला’ही जुनी ओळखीची. पण चांगल्या वाणाने चुकलेली तारीख भरून निघत नाही.

तारीख साधली तरी गुरे उरतात. भात कापले की गावची गुरे मोकळी सोडायची, ही कोकणातली जुनी वहिवाट. सगळ्या मळ्यात एकट्याने मिरची लावायची तर कुंपणाचा खर्चही एकट्याचाच. वानरांचा आणि रानडुकरांचा उपद्रव वेगळाच. मजुरांचे तर विचारूच नये: लाल मिरची तोडायची ती मार्च-एप्रिलमध्ये, आणि तेव्हा जिल्ह्यातला प्रत्येक मोकळा हात आंब्याच्या बागेत गुंतलेला. पेटीच्या हिशेबापुढे मिरचीचा हिशेब कोण मांडणार? हापूसला २०१८ मध्ये मानांकन मिळाले, कोकमाला त्याआधीच. इथल्या मिरचीच्या वाट्याला असे नाव आलेले नाही.

पिकून लाल झाली म्हणजे सुटली असेही नाही. साधारण चार किलो ताज्या लाल मिरचीची एक किलो वाळलेली मिरची होते, आणि ती नीट वाळायला सलग कोरडे ऊन लागते. समुद्राकडून येणारी दमट हवा हे काम लांबवते. २०२५ च्या मे महिन्यात वळवाने तळ ठोकला आणि महिना संपण्याआधीच मोसमी पाऊस कोकणात दाखल झाला. आगोटीची कामे मेअखेरीवर सोपवणाऱ्यांना असे वर्ष महागात पडते, कारण अर्धवट वाळलेल्या मिरचीला बुरशी धरायला वेळ लागत नाही.

या बुरशीचा आणि तिखटपणाचा संबंध मोठा गमतीचा आहे. संशोधक जोशुआ ट्युक्सबरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बोलिव्हियातल्या रानमिरच्यांचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध केला. फळाला कीटक टोचतात, त्या छिद्रांतून फ्युजेरियम बुरशी शिरते आणि बी नासवते. मिरचीतले कॅप्सायसिन त्या बुरशीला आवर घालते, असे त्यांना आढळले. पक्ष्यांना हा तिखटपणा जाणवतच नाही, त्यामुळे बी दूरवर पसरायला अडचण येत नाही. माणसाने मात्र बुरशीविरुद्धचे हे हत्यार वाटपात वापरले आणि पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात आणलेली ही परदेशी वस्तू आपल्या आजीच्या मसाल्याची म्हणून मिरवली.

पोर्तुगीजांच्याच गोव्यात याच पावसाशी दोन तऱ्हांनी जमवून घेतले गेले. काणकोणची खोला मिरची पावसाळ्यातच पिकते, पण डोंगरउतारावर, जिथे पाणी थांबत नाही. तिला २०१९ मध्ये मानांकन मिळाले. पेडण्याची हरमल मिरची सपाट शेतात भातानंतर होते, आणि पुढे तीही मानांकनाच्या यादीत गेली. रत्नागिरीचे उतार आंबा-काजूच्या कलमांनी कधीच व्यापले आहेत. तेव्हा इथे उचलण्यासारखी रीत हरमलची.

त्यातही सुरुवात हिरव्या मिरचीपासून करणे शहाणपणाचे. लावणीनंतर दोन-अडीच महिन्यांत, म्हणजे आंब्याची घाई सुरू होण्याआधी, पहिला तोडा येतो. वाळवण नको, वळवाची धास्ती नको, आणि भाजीबाजार जवळचा. ठिबक आणि चंदेरी-काळे मल्चिंग घातले तर पाणी वाचते, तणही कमी. मात्र जांभ्याची जमीन पाणी धरत नाही. पावसाळ्यात तुडुंब असलेली विहीर फेब्रुवारीत तळ दाखवते. वाहून जाणारे पाणी अडवायचे तर पऱ्यावर (ओढ्यावर) वनराई नाहीतर विजय बंधारा, म्हणजे तात्पुरता बांध, ऑक्टोबर-नोव्हेंबरातच, प्रवाह वाहता असताना, घालावा लागतो. आणि नेमके त्याच दिवसांत घरातली सगळी माणसे भाताच्या कापणी-झोडणीत असतात.