तापलं की गप्प बसणारा आवाज

सकाळी थंड इंजिन सुरू केलं की बॉनेटखालून टक्-टक्-टक् असा बारीक आवाज येतो. इंजिन तापत जातं तसा तो विरतो. गाडी गॅरेजच्या दारात पोचते तेव्हा आवाजाचा मागमूस नसतो आणि तक्रार घेऊन आलेला मालक उगाच ओशाळतो. म्हणून हडपसरकडच्या एका जुन्या गॅरेजातले मिस्त्री अशी गाडी रात्रभर ठेवून घेतात. सकाळी चहाच्या आधी ती स्वतः सुरू करतात आणि डोळे मिटून ऐकतात.

गाडी चार सिलिंडरची, पेट्रोलवरची, बीएस-6 मधली. म्हणजे साधारण एप्रिल 2020 नंतरची. मालकीण शिक्षिका. चेक इंजिनचा दिवा लागल्यावर दुसरीकडे कुणीतरी स्कॅनर लावला, ‘मिश्रणात पेट्रोल कमी’ असा कोड आला आणि ऑक्सिजन सेन्सर बदलून मोकळा झाला. दिवा पुन्हा लागला. मिस्त्रींच्या स्कॅनरवर आकडा दिसला 18. गाडी उभी असताना संगणक नेहमीपेक्षा 18 टक्के जास्त पेट्रोल सोडत होता. रेस दिली की आकडा उतरायचा. “सेन्सर बिचारा खरं सांगतोय,” मिस्त्री म्हणाले. “त्याला हवा दिसतेय. ती आत शिरते कुठून, हे कोण बघणार?”

हवा शिरत होती एक्झॉस्ट गॅस्केटमधून. इंजिनच्या हेडला जिथे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड जोडलेला असतो, तिथे मध्ये हे गॅस्केट बसतं. जळलेला वायू सलग वाहत नाही, धक्क्याधक्क्याने येतो. धक्का आला की फटीतून वायू बाहेर फुसकतो, तीच ती टकटक. दोन धक्क्यांमध्ये दाब खाली जातो तेव्हा त्याच फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. पुढेच बसलेला सेन्सर ती मोजतो, संगणकाला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, आणि नसलेली भूक भागवायला तो आणखी पेट्रोल ओततो. ॲव्हरेज पडतं ते यामुळे. बाहेर निसटणाऱ्या वायूत कार्बन मोनॉक्साइडही असतो. त्याला वास नसतो. तो केबिनमध्ये शिरला तर कळतही नाही.

खूण सापडली तिसऱ्या सिलिंडरपाशी: हेडवर काजळीचा पंख्यासारखा पसरलेला काळा डाग. आता नट खोलायचे, एवढंच म्हणायचं.

पण या कामाचा खरा दिवस त्या नटांवरच जातो. भर वेगात या भागातून जाणारा वायू सातआठशे अंशांच्या घरात असतो. वर्षानुवर्षं तापून आणि निवून स्टड ठिसूळ होतात, नट गंजून चिकटतात. मिस्त्रींनी आदल्या संध्याकाळीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं होतं. बाराची गोटी लावून पाव आटा सोडायचा, पुन्हा थोडा आवळायचा, पुन्हा सोडायचा. प्रत्येक वेळी नट कुरकुरतो आणि त्या कुरकुरीतून मिस्त्री ठरवतात, हात थांबवायचा की नाही. फायरवॉलकडच्या शेवटच्या नटाशी ते बराच वेळ तसेच वाकून होते. हाताखालच्या पोराने लांब पाइप पुढे केला. “मामा, जोर लावू?” मिस्त्रींनी मानेनेच नाही म्हटलं. स्टड तुटला तर त्यावर नट वेल्ड करा, नाहीतर ड्रिलने पोखरून काढा, त्यातही हेड ॲल्युमिनियमचं. गॅस बत्तीने नट जरा शेकला, पुन्हा तेल मारलं, आणि तो निघाला. मजुरी जास्त का, असं विचारणाऱ्यांनी हा अर्धा तास बघायला हवा.

नवं गॅस्केट नाना पेठेतून आलं. पूर्वी यात ॲस्बेस्टॉस असायचं. आता पोलादी पत्र्याचे चिरोट्यासारखे पदर असतात. त्यांना मुद्दाम उठाव दिलेला असतो, कारण ॲल्युमिनियमचं हेड बिडाच्या मॅनिफोल्डपेक्षा साधारण दुप्पट फुगतं आणि गॅस्केटला ती घसर सोसायची असते. म्हणूनच जुनं पुन्हा बसवत नाहीत. त्याचा उठाव एकदा दबला की दबला. मॅनिफोल्डवर पोलादी पट्टी ठेवून मिस्त्रींनी फिलर गेजचं 0.1 मिलिमीटरचं पान खाली सरकवून पाहिलं. ते गेलं नाही. लेथवाल्याकडची फेसिंगची फेरी वाचली. पोराने सिलिकॉनची ट्यूब आणली तेव्हा मात्र ते ओरडलेच. सिलिकॉन इथे जळतं आणि त्याची वाफ सेन्सरला बाधते. नवे नट आधी हाताने बसवले, मग टॉर्क पान्याने मधून बाहेरच्या बाजूला दोन फेऱ्यांत आवळले.

इंजिन सुरू झालं आणि बॉनेटखालून उग्र धूर निघाला. मालकीण दोन पावलं मागे सरल्या. उरलेलं तेल जळत होतं, तेवढंच. टकटक नव्हती. संगणकाची जुनी शिकवण पुसून एक चक्कर मारल्यावर आकडा तीनच्या आसपास आला. “18 वरून,” मिस्त्रींनी पोराला बजावलं, “18 वरून, लक्षात ठेव.”

बिल देताना मॅडमनी डिकीतून एक खोका काढला. त्यात आधीच्या गॅरेजने परत दिलेला जुना सेन्सर होता. तो भंगारात द्यायचा का, त्यांनी विचारलं. मिस्त्रींनी तो उजेडात फिरवून पाहिला, फडक्याने पुसला आणि परत खोक्यात ठेवला. “राहू द्या मॅडम. चांगला आहे.”