डायना : ऐकलेली आणि नोंदलेली

बालवाडीत नोकरी करणारी एक साधी मुलगी राजपुत्राला आवडते, जगाचे डोळे दिपवणारं लग्न होतं, सासरी तिचा कोंडमारा होतो आणि शेवटी परक्या शहरातल्या एका बोगद्यात तिचा काटा काढला जातो. डायनाची गोष्ट बहुतेकांना अशी पाठ आहे. लग्नाचा थाट खरा होता, कोंडमाराही खरा होता. उरलेल्या तपशिलांत मात्र ऐकीव गोष्टींची एवढी सरमिसळ झाली आहे की डायना नावाची बाई त्यात हरवूनच गेली. यातले बहुतेक गैरसमज तिला बिचारी करून सोडतात. चौकशीचे अहवाल आणि त्या काळातल्या नोंदी चाळल्या, तर ती तेवढी बिचारी दिसत नाही.

साध्या घरातून ती आली, हे मुळातच चूक. तिचा जन्म १ जुलै १९६१चा, पार्क हाउसमधला. हे घर राजघराण्याच्या सँड्रिंगहॅम इस्टेटवर. धाकटे राजपुत्र अँड्र्यू आणि एडवर्ड हे तिचे लहानपणीचे सवंगडी. वडिलांनी सहाव्या जॉर्जच्या आणि नंतर राणी एलिझाबेथच्या पदरी दरबारी अधिकारी म्हणून काम केलेलं. दोन्हीकडच्या आज्या राजमातेच्या सेवेतल्या मानकरी. बहीण जेनचा नवरा राणीच्या खासगी सचिवांच्या कचेरीत. १९७५ साली आजोबा वारले, वडील आठवे अर्ल स्पेन्सर झाले आणि कुटुंब नॉर्दॅम्प्टनशायरमधल्या ऑल्थॉर्प या वडिलोपार्जित वाड्यात राहायला गेलं. स्पेन्सरांच्या रक्तात सतराव्या शतकातल्या दुसऱ्या चार्ल्स राजाचा अंश आहे, अर्थात त्याच्या अनौरस मुलांमार्फत. गादीच्या थेट वारसांमध्ये हा अंश डायनामुळे आला. तिचा नवरा, राजपुत्र चार्ल्स याच्याकडे तो नव्हता!

मग ‘सामान्य मुलगी’ हे कुठून आलं? ब्रिटिश कायद्याच्या लेखी सरदारकी स्वतःच्या नावावर नसलेला जवळपास प्रत्येक जण सामान्यच ठरतो. त्या न्यायाने ड्यूकची मुलगीही सामान्य. वर्तमानपत्रांनी कायद्यातली ही व्याख्या उचलली आणि तिला परीकथेचा रंग चढवला. पिम्लिकोमधल्या ‘यंग इंग्लंड’ बालवाडीत ती मदतनीस होती हे खरं, पण ती शिक्षणशास्त्र शिकलेली शिक्षिका नव्हती. शालान्त परीक्षेच्या पातळीवरचा एकही पेपर तिला दोनदा बसूनही सुटला नव्हता. ती राहायची तो लंडनमधला फ्लॅट घरच्यांनी घेऊन दिलेला. पगारावर गुजराण करण्याची वेळ तिच्यावर आलेली नव्हती.

लग्नाबद्दलचे दोन छोटे गैरसमज इथेच निकालात काढता येतील. निळ्या नीलमची ती प्रसिद्ध अंगठी राजघराण्याच्या पेटीतली नव्हती. ती गॅरार्ड या सराफांच्या नेहमीच्या मालातून निवडलेली होती, म्हणजे ऐपत असलेल्या कुणालाही तशी विकत घेता आली असती. आता ती थोरला मुलगा विल्यम याची बायको केट हिच्या बोटात आहे. दुसरं, पतीची ‘आज्ञा पाळीन’ हे वचन गाळण्याचा मान हल्लीच्या सुनांना दिला जातो. २९ जुलै १९८१ रोजी सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये ते वचन डायनानेच गाळलं होतं. तेव्हा ती वीस वर्षांची होती, चार्ल्स बत्तीसचा.

लग्न मोडण्याच्या कहाणीत मात्र थोडं थांबायला हवं. मुकाट सोसणारी सून आणि तिचं दुःख चोरून छापणारे पत्रकार, असं चित्र लोकांच्या मनात पक्कं आहे. १९९२च्या जूनमध्ये पत्रकार अँड्र्यू मॉर्टनचं ‘डायना : हर ट्रू स्टोरी’ बाजारात आलं. बकाबका खाऊन उलट्या करण्याचा आजार, स्वतःला इजा करून घेणं, चार्ल्सची मैत्रीण कॅमिला, सगळं त्यात होतं. आपला या पुस्तकाशी संबंध नाही, असं डायनाने राजवाड्याला सांगितलं, आणि जगानेही ते बरीच वर्षं मानलं. तिच्या मृत्यूनंतर मॉर्टनने उघड केलं की ही माहिती तिनेच टेपवर बोलून दिली होती. तिचा डॉक्टर मित्र जेम्स कोल्थर्स्ट प्रश्न घेऊन केन्सिंग्टन पॅलेसमध्ये जायचा आणि ध्वनिमुद्रित उत्तरं घेऊन बाहेर पडायचा. राजघराण्याच्या नाकाखाली तिने चालवलेला हा कारभार भोळ्या बाईचा नक्कीच नाही.

बीबीसीच्या ‘पॅनोरमा’ मुलाखतीबद्दल तर गैरसमजांचा दुहेरी पीळ आहे. ही मुलाखत २० नोव्हेंबर १९९५ला दाखवली गेली. तिच्यामुळे लग्न मोडलं असं म्हणतात, पण दोघं वेगळे राहणार असल्याची घोषणा पंतप्रधान जॉन मेजर यांनी ९ डिसेंबर १९९२ रोजीच संसदेत केली होती. १९९४ साली चार्ल्सनेही दूरदर्शनवर विवाहबाह्य संबंधांची कबुली दिली होती. मुलाखतीचा परिणाम एवढाच, की राणीने दोघांना पत्र लिहून आता रीतसर घटस्फोट घ्या असं सांगितलं. २८ ऑगस्ट १९९६ला तो झाला.

दुसरा गैरसमज २०२१नंतरचा. लॉर्ड डायसन यांच्या चौकशीत असं ठरलं की मुलाखतकार मार्टिन बशीर याने बँकेची बनावट कागदपत्रं डायनाच्या भावाला दाखवून तिच्यापर्यंत पोहोचण्याची वाट काढली, आणि बीबीसीने या प्रकाराची नीट छाननी केली नाही. त्यावरून ‘मुलाखतच खोटी होती’ असा निष्कर्ष अनेकांनी काढला. अहवालाचा रोख मुलाखत मिळवण्याच्या मार्गावर होता. शब्द डायनाचे होते, आणि मुलाखतीबद्दल पश्चात्ताप नाही अशी तिची स्वतःच्या हस्ताक्षरातली चिठ्ठीही आहे. बशीरचं वागणं निंद्यच. पण त्यामुळे डायना त्याच्या हातातली कळसूत्री बाहुली ठरत नाही.

तिच्या सेवाकार्याबद्दल बोलताना घटस्फोटानंतर तिने स्वतःला कामाला वाहून घेतलं असं सर्रास लिहिलं जातं. झालं नेमकं उलट. घटस्फोट होताच तिने जवळपास शंभर संस्थांचं पालकत्व सोडलं आणि फक्त सहा ठेवल्या. त्यांत बेघरांसाठीची सेंटरपॉइंट, ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटचं मुलांचं हॉस्पिटल, नॅशनल एड्स ट्रस्ट आणि लेप्रसी मिशन होतं. तिचं सर्वांत धाडसाचं काम त्याच्या बरंच आधीचं. एप्रिल १९८७मध्ये लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलात एड्सच्या वॉर्डाचं उद्घाटन करताना तिने रुग्णाशी हातमोजे न घालता हस्तांदोलन केलं. स्पर्शाने एड्स होतो असं तेव्हा शिकलेली माणसंही समजत होती. भीती आणि लाज एवढी, की त्या रुग्णाने पाठमोरा फोटो काढण्याच्या अटीवरच होकार दिला होता. दोन वर्षांनी इंडोनेशियातल्या सितानला कुष्ठरोग रुग्णालयात तिने रुग्णांचे हात हातात घेतले. आनंदवन माहीत असलेल्या मराठी वाचकाला त्या स्पर्शाचा अर्थ वेगळा सांगायला नको.

भूसुरुंगांच्या बाबतीत मात्र श्रेय जरा जास्तच दिलं जातं. जानेवारी १९९७मध्ये अंगोलातल्या हुआंबोजवळ चिलखती जाकीट आणि पारदर्शक मुखवटा घालून ती सुरुंगक्षेत्रातून चालली. तो फोटो आजही छापला जातो, आणि भूसुरुंगबंदीचा करार तिच्यामुळे झाला असंही त्याखाली लिहिलेलं असतं. करारासाठी जगभरच्या संघटना १९९२पासून झटत होत्या. कॅनडाचे परराष्ट्रमंत्री लॉइड ॲक्सवर्दी यांनी १९९६च्या ऑक्टोबरमध्येच देशांना वर्षभराची मुदत घालून दिली होती, आणि १९९७चं नोबेल शांतता पारितोषिक जोडी विल्यम्स व तिच्या मोहिमेला मिळालं. डायनाने कॅमेरे तिकडे वळवले. सत्ताधारी पक्षातल्या एका कनिष्ठ मंत्र्याने त्यावरून तिच्यावर टीका केली, तरी ऑगस्टमध्ये ती पुन्हा याच कामासाठी बॉस्नियाला गेली.

त्याच महिन्याच्या शेवटच्या दिवशी पॅरिसमध्ये तिचा मृत्यू झाला, आणि अफवांचा खरा बाजार इथून सुरू झाला. आधी जे नक्की माहीत आहे ते पाहू. ३० ऑगस्टच्या रात्री डायना आणि तिचा मित्र डोडी फायेद रिट्झ हॉटेलात होते. छायाचित्रकारांना चकवण्यासाठी डोडीने मागच्या दाराने निघायचं ठरवलं. गाडी चालवायला आला हाँरी पॉल. तो हॉटेलच्या सुरक्षा विभागातला अधिकारी होता, पेशाने ड्रायव्हर नव्हता. संध्याकाळी घरी गेलेल्या त्याला रात्री परत बोलावलेलं. त्याच्या रक्तात लिटरमागे सुमारे १.७४ ग्रॅम मद्यार्क सापडला. फ्रान्समध्ये मर्यादा आहे अर्धा ग्रॅम. मध्यरात्र उलटल्यावर मर्सिडीज पाँ द लाल्मा बोगद्यात शिरली तेव्हा वेग ताशी १०० किलोमीटरच्या आसपास होता. तिथली मर्यादा ५०. गाडी तेराव्या खांबावर आदळली. एका पांढऱ्या फियाट उनोला ती त्याआधी घासली होती, हेही खरं, आणि संशयाला पहिलं खतपाणी त्या फियाटनेच घातलं.

अंगरक्षक ट्रेव्हर रीस-जोन्स एकटा वाचला तो सीटबेल्टमुळे, असं आजही रस्ते सुरक्षेच्या भाषणांत सांगितलं जातं. हेतू चांगला, माहिती चुकीची. चौघांपैकी कुणीही पट्टा लावलेला नव्हता. डायनाने लावला असता तर ती वाचली असती का, हा प्रश्न त्यामुळेच इतका बोचतो.

फ्रेंच डॉक्टरांनी मुद्दाम वेळ काढला, हा आणखी एक आरोप. रुग्णवाहिका घटनास्थळाहून निघाली पावणेदोनच्या सुमाराला, रुग्णालयात पोहोचली दोननंतर. ब्रिटनमध्ये जखमीला उचलून लवकरात लवकर रुग्णालयात न्यायची रीत. फ्रान्समध्ये रुग्णवाहिकेतच डॉक्टर असतो आणि रुग्ण स्थिर होईपर्यंत तो जागेवर उपचार करतो. गाडीतून बाहेर काढताना डायनाचं हृदय बंद पडलं, ते पुन्हा सुरू करावं लागलं. वाटेत रक्तदाब घसरला म्हणून रुग्णवाहिका थांबवावी लागली. फुफ्फुसातून हृदयाकडे जाणारी एक शीर फाटलेली होती. अशी जखम क्वचितच होते आणि तिच्यातून वाचणारे फारच थोडे. पहाटे चारच्या सुमाराला पिते-साल्पेट्रिएर रुग्णालयात तिला मृत घोषित केलं. दोन्ही पद्धतींवर वैद्यकात खरोखर वाद आहे. त्याला कटाचा वास येण्याचं कारण नाही.

ती गरोदर होती, म्हणून तिला संपवलं, असा डोडीचे वडील मोहम्मद अल-फायेद यांचा दावा होता. त्यांनी थेट प्रिन्स फिलिप आणि ब्रिटिश गुप्तचरांवर बोट ठेवलं. लंडनचे माजी पोलीसप्रमुख लॉर्ड स्टीव्हन्स यांच्या पथकाने जवळपास तीन वर्षं तपास करून डिसेंबर २००६मध्ये ८३२ पानांचा अहवाल दिला. गाडीत सांडलेल्या डायनाच्या रक्ताची गर्भधारणेसाठी चाचणी झाली होती. ती नकारार्थी आली. पुढे लॉर्ड जस्टिस स्कॉट बेकर यांच्यापुढे सहा महिने जाहीर सुनावणी चालली, अडीचशेहून अधिक साक्षी झाल्या, आणि फिलिपविरुद्ध पुराव्याचा लवलेशही नाही असं त्यांनी ज्यूरीला सांगितलं. ७ एप्रिल २००८चा ज्यूरीचा निर्णय मात्र लोक अर्धाच सांगतात. दारू प्यालेला ड्रायव्हर आणि मागे लागलेली वाहनं, या दोघांच्याही घोर निष्काळजीपणामुळे झालेला बेकायदा मृत्यू, असा तो आहे. ‘फक्त पापाराझींनी मारलं’ आणि ‘फक्त ड्रायव्हरची चूक’ ही दोन्ही वाक्यं त्यामुळे अपुरी पडतात.

आणि राजवाड्याने तिचं संरक्षण काढून घेतलं होतं? पोलिसांचं कायमचं संरक्षण तिनेच घटस्फोटाच्या दोनेक वर्षं आधी नाकारलं होतं. सोबतचे पोलीस आपल्यावर नजर ठेवतात, असं तिला वाटायचं. प्रशिक्षित पोलीस सोबत असते, तर त्यांनी हाँरी पॉलला स्टिअरिंगवर बसू दिलं असतं का, हा प्रश्न कोणत्याही कटकथेपेक्षा महत्त्वाचा आहे.

मृत्यूनंतरच्या आठवड्यातला झेंड्याचा वाद तर निव्वळ शिष्टाचाराच्या गुंत्यातून उभा राहिला. राणीला दुःख झालं नाही म्हणून बकिंगहॅम पॅलेसवर झेंडा अर्ध्यावर उतरवला नाही, असा लोकांचा राग. तेव्हाच्या रिवाजानुसार त्या काठीवर फक्त शाही ध्वज चढायचा, तोही राणी वाड्यात असेल तेव्हाच. गादी कधी रिकामी नसते, म्हणून हा ध्वज राजाच्या मृत्यूतही अर्ध्यावर येत नाही. राणी नातवंडांजवळ स्कॉटलंडमधल्या बॅल्मोरलला होती, त्यामुळे काठी रिकामीच. पण रिवाज बरोबर असून माणसं ओळखायला राजवाडा चुकला, हे मान्य करायलाच हवं. ६ सप्टेंबरला अंत्ययात्रेच्या दिवशी राणी वेस्टमिन्स्टर ॲबीकडे निघाल्यावर युनियन जॅक अर्ध्यावर फडकला. तेव्हापासून राजा वाड्यात नसताना त्या काठीवर तोच झेंडा असतो.

भारतीय वर्तमानपत्रांना २०१३ साली डायनाबद्दल एक मथळा मिळाला : विल्यम भारतीय वंशाचा! याचं मूळ सुरतेत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला थिओडोर फोर्ब्ज हा स्कॉटिश व्यापारी तिथे ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत होता. त्याच्या घरात एलायझा केवार्क नावाची स्त्री होती, त्यांना मुलंही झाली. पुढे तो मुंबईला गेला, एलायझा मागे सुरतेत राहिली, आणि मुलगी कॅथरीन हिला लहानपणीच स्कॉटलंडला पाठवलं गेलं. कॅथरीनपासून आईकडून लेकीकडे अशी वंशावळ उतरत डायनापर्यंत येते. घराण्यात एलायझा आर्मेनियन असल्याचं सांगितलं जायचं. याच स्त्रीवंशातल्या दोन नातेवाइकांच्या डीएनए चाचणीत दक्षिण आशियात आढळणारा मातृवंशाचा दुर्मीळ प्रकार सापडला. एलायझाची आई किंवा आजी भारतीय असावी, एवढंच त्यावरून म्हणता येतं. तिचा बाप आर्मेनियन असण्याला त्याने बाध येत नाही. विल्यमच्या वंशात हा वाटा अगदी नाममात्र आहे. मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए फक्त आईकडून मिळतो, म्हणून विल्यमच्या जॉर्ज, शार्लट आणि लुई या मुलांत तो केटकडचा आहे. सुरतेचा हा धागा राजघराण्यात विल्यम आणि हॅरीपाशी संपतो. पुढे गेला तर तो डायनाच्या बहिणींच्या मुलींकडून जाईल.